खोटा कठडा, खरी भीती

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणाऱ्या माणसानं मानसोपचारातल्या यंत्रांविषयी का बोलावं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल तर तो रास्तच आहे. मी डॉक्टर नाही, विज्ञानाचा पदवीधरही नाही. बी.ए. झालेला, शब्दांत रमणारा माणूस आहे. पण आजच्या विषयाच्या मुळाशी जो प्रश्न आहे तो कवींना, नाटकवाल्यांना आणि कीर्तनकारांना फार दिवसांपासून ठाऊक आहे. समोरचं खोटं आहे हे पुरतं माहीत असूनही माणसाच्या डोळ्यांत खरं पाणी का येतं? जत्रेतल्या तंबूत सिनेमा पाहताना पडद्यावरची आई गेली की अख्खा तंबू हुंदके देतो. पडदा कापडाचा आहे हे त्या तंबूत प्रत्येकाला माहीत असतं, तरी हुंदका थांबत नाही.

गेल्या तीसेक वर्षांत शास्त्रज्ञांनी हाच प्रश्न दुसऱ्या टोकाकडून विचारला. खोट्या दृश्यानं खरी भीती जागी होत असेल, तर त्याच दृश्याच्या मदतीनं ती घालवता येईल का? या प्रश्नाची जी उत्तरं आजवर मिळाली, त्यांतली पक्की कोणती आणि कच्ची कोणती, हे आज आपण पाहू.

ज्यांनी हे यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. डोळ्यांवर पाणबुड्याच्या चष्म्यासारखं एक जाड उपकरण चढवायचं. आत दोन्ही डोळ्यांसमोर छोटे पडदे असतात. मान वळवली की दृश्यही वळतं, खाली पाहिलं की पायांखालची दरी दिसते. याला आभासी वास्तव, म्हणजे व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी म्हणतात. दुसरा प्रकार असा, की समोरचं खरं जग तसंच दिसतं, पण त्यात एखादी खोटी वस्तू मिसळली जाते. तुमच्याच टेबलावर, तुमच्याच हाताशी, संगणकानं काढलेलं झुरळ चालताना दिसतं. ही ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी. या सगळ्या कुटुंबाला मिळून हल्ली एक्स्टेंडेड रिअ‍ॅलिटी, विस्तारित वास्तव, असं म्हणतात. कल्पना तशी नवी नाही. अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर घालायचा असा पडदा तयार केला होता. तो इतका जड होता की छताला टांगून ठेवावा लागे.

यंत्र नवं असलं तरी त्यामागचा उपचार जुना आहे. भीती जावी असं वाटत असेल तर भीतीच्या वस्तूकडे पायरीपायरीनं जायचं, हे त्याचं सूत्र. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. मूल आवडीचा खाऊ खात असताना पिंजऱ्यातला ससा दूर ठेवला जाई आणि दिवसादिवसानं थोडा जवळ आणला जाई. शेवटी ते मूल सशाशी खेळू लागलं. पुढे दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या जोसेफ वोल्पे या मनोविकारतज्ज्ञांनी १९५८ साली आपल्या पुस्तकात ही पद्धत मोठ्यांसाठी नीट बांधून दाखवली. रुग्णाच्या भीतींची चढत्या क्रमानं यादी करायची, शरीर सैल सोडायला शिकवायचं आणि यादीतला एकेक प्रसंग मनात उभा करायला सांगायचा.

म्हणजे वोल्पे यांचा मुख्य आधार कल्पनाशक्तीचा होता. आता कल्पनाशक्ती ही आम्हा कवींची भाकरी, म्हणून तिचे गुणदोष आम्हाला ठाऊक असतात. ती सगळ्यांना सारखी मिळालेली नसते आणि हुकमानं चालत नाही. काहींना डोळे मिटून काहीच दिसत नाही, तर काहींना इतकं दिसतं की ते पहिल्याच पायरीवरून पळून जातात. बरं, कल्पना सोडून प्रत्यक्षात जावं, तर विमानाला घाबरणाऱ्या माणसासाठी रोज विमान कुठून आणायचं? या अडचणीतूनच यंत्राचा विचार पुढे आला.

१९९५ साली अमेरिकेतल्या अटलांटा इथे बार्बरा रॉथबॉम आणि लॅरी हॉजेस यांनी आपल्या सहकाऱ्यांसह एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. उंचीला घाबरणारे २० विद्यार्थी घेतले. १२ जणांना उपचार दिला, ८ जणांना थांबायला सांगितलं. चष्म्यातली चित्रं आजच्या मानानं अगदी ओबडधोबड होती. उंच पूल, सज्जे, काचेची लिफ्ट. तरीही कठड्याशी उभं राहिलं की विद्यार्थ्यांची छाती धडधडे, हाताला घाम सुटे. हळूहळू ती धडधड उतरली. मला यातली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळी वाटते. उपचार पूर्ण करणाऱ्या १० जणांपैकी ७ जण, कोणी सांगितलेलं नसताना, आपणहून खऱ्या उंच जागी जाऊन आले. खोट्या कठड्यावर मिळालेला धीर खऱ्या जिन्यावर उपयोगी पडला.

पुढे २००० साली याच रॉथबॉमबाईंनी विमानप्रवासाच्या भीतीवर अभ्यास केला. काही रुग्णांना आभासी विमानात बसवलं, तर काहींना विमानतळावर नेऊन खऱ्या, उभ्या असलेल्या विमानात बसवलं. सहा महिन्यांनी दोन्ही गटांतल्या ९३ टक्के लोकांनी विमानप्रवास केलेला होता. दोन्हींत फरक शून्य.

माझ्या जिव्हाळ्याची भीती म्हणजे माइकसमोर उभं राहण्याची. कविसंमेलनात पहिल्यांदा नाव पुकारलं गेलं तेव्हा हातातला कागद माझ्याआधीच थरथरायला लागला होता. ही भीती काहींच्या आयुष्यात इतकी वाढते की नोकरीची मुलाखतही देता येत नाही. २०१३ साली अटलांटातच पेज अँडरसन आणि सहकाऱ्यांनी अशा ९७ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी आभासी श्रोत्यांपुढे भाषणाचा सराव केला, काहींनी गटात बसून खऱ्या माणसांपुढे. दोघांनाही सारखाच गुण आला आणि वर्षानंतरही तो टिकला. २०१९ साली अशा ३० चाचण्यांचा, हजाराहून अधिक रुग्णांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. निष्कर्ष तोच. चष्म्यातला उपचार प्रत्यक्ष उपचाराच्या बरोबरीचा आहे.

‘बरोबरीचा’ या शब्दापाशी जरा थांबू या. जाहिरातींत हा शब्द सापडत नाही. तिथे क्रांती असते, चमत्कार असतो. संशोधन सांगतं ते एवढंच, की जुना उपचार जेवढा चालतो तेवढाच हा चालतो. मग एवढा खटाटोप कशासाठी?

याचं एक उत्तर स्पेनमधून मिळालं. २००७ साली तिथल्या संशोधकांनी कीटक, उंची अशा ठरावीक गोष्टींना घाबरणाऱ्या १५० रुग्णांना दोन्ही उपचार समजावून दिले आणि कोणता घ्याल असं विचारलं. प्रत्यक्ष भीतीला सामोरं जायला २७ टक्के लोकांनी साफ नकार दिला. चष्म्यातल्या उपचाराला नकार देणारे होते फक्त ३ टक्के. श्रोतेहो, औषध कितीही गुणकारी असलं तरी रोगी दारातूनच परत गेला तर त्याचा उपयोग काय? यंत्राची खरी कमाई ही आहे, की त्यामुळे माणूस पहिली पायरी चढायला तयार होतो. तिथल्याच क्रिस्तिना बोतेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मघाशी सांगितलेल्या झुरळाचा प्रयोग २००५ च्या सुमारास केला. खोट्या झुरळाशी सराव झाल्यावर रुग्णाला खऱ्या झुरळाजवळ जाता आलं.

दुसरं उत्तर मनुष्यबळाचं आहे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या डॅनियल फ्रीमन यांनी २०१८ साली उंचीच्या भीतीवरची एक चाचणी प्रसिद्ध केली. १०० माणसं होती. उपचार करणारा मानसतज्ज्ञ खोलीत नव्हताच. चष्म्यातली एक संगणकीय मार्गदर्शक सूचना देत होती. झाडावर अडकलेल्या मांजराला सोडवायचं, अशी गमतीची कामं त्यात होती. सरासरी दोन तासांच्या एकूण उपचारानं भीतीचं मोजमाप ६८ टक्क्यांनी उतरलं. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्याहून स्वस्त वाट दाखवली. साधा मोबाइल आणि पुठ्ठ्याचा चष्मा घेऊन १९३ लोकांचा अभ्यास केला, आणि घरबसल्या केलेल्या या उपचारानंही उंचीची भीती कमी झाली.

पण उंची आणि झुरळ या तशा एकेरी भीती. माणसांचीच भीती वाटू लागली तर? फ्रीमन यांच्या गटानं २०२२ साली सायकोसिससारख्या गंभीर आजारानं घराबाहेर पडणं सोडलेल्या ३४६ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. चष्म्यात रस्ता होता, बस होती, दुकान, कॅफे, पब आणि दवाखान्यातली बसायची खोली होती. सोबत एक कर्मचारी असे. सहा आठवड्यांनी रुग्णांचं बाहेर पडणं टाळणं कमी झालं. सगळ्यांची सरासरी काढली तर फायदा बेताचाच होता. पण ज्यांची अवस्था सर्वांत वाईट होती, त्यांना सर्वांत जास्त गुण आला आणि तो सहा महिन्यांनीही टिकून होता. २०२३ साली ब्रिटनच्या नाइस या आरोग्यविषयक शिफारशी करणाऱ्या संस्थेनं अशा तीव्र अवस्थेतल्या रुग्णांसाठी हे साधन वापरायला मुभा दिली, मात्र पुरावा गोळा करत राहण्याच्या अटीवर.

हे वाचताना मला माझी एक खाला आठवली. खालूंचं निधन झाल्यावर तिनं उंबरा ओलांडणं सोडलं. लग्न असो, मयत असो, ती दारापर्यंत येई आणि परत फिरे. तिच्या मुलीनं काय केलं, तर पहिले काही दिवस तिला नुसतं ओट्यावर बसवलं. मग कोपऱ्यावरच्या नळापर्यंत, मग किराणा दुकानापर्यंत नेलं. ‘अम्मी, घाबरल्यागत झालं तर माझा हात दाबा, पण मागं फिरू नका,’ असं ती सांगे. वर्षभरानं खाला एकटी बाजारात जाऊ लागली. त्या मुलीनं वोल्पे यांचं नावही ऐकलेलं नव्हतं. ज्या घरात अशी मुलगी नाही, आणि गावात डॉक्टरही नाही, त्या घरासाठी या यंत्राचा विचार करायला हवा.

आता एक वेगळाच उपचार सांगतो. यात मुख्य साधन भाषा आहे, म्हणून कवी या नात्यानं मी त्यापाशी अडखळलो. काही मनोरुग्णांना सतत आवाज ऐकू येतात. शिव्या देणारे, धमकावणारे. औषधानंही ते सगळ्यांचे थांबत नाहीत. लंडनचे मनोविकारतज्ज्ञ ज्युलियन लेफ यांनी विचार केला, की या आवाजाला चेहरा द्यावा. रुग्णानं संगणकावर त्या छळणाऱ्याचा चेहरा घडवायचा, आवाज जुळवायचा. मग डॉक्टर दुसऱ्या खोलीत बसून त्या बदललेल्या आवाजात बोलणार आणि मधूनमधून स्वतःच्या आवाजात रुग्णाला धीर देणार. त्याला उलट उत्तर द्या, तुझं ऐकणार नाही असं बजावा. बैठकीगणिक तो पडद्यावरचा चेहरा नरमत जातो. लेफ यांचा पहिला अहवाल २०१३ साली आला. २०१८ साली १५० रुग्णांची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. १२ आठवड्यांनी या रुग्णांचा त्रास, नुसतं समुपदेशन मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होता. २४ आठवड्यांनी मात्र दोन गटांतला फरक उरला नाही, कारण समुपदेशनवालेही तोवर सुधारले होते. हा दुसरा आकडाही पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. धीरानं ऐकून घेणारं माणूस हेसुद्धा औषध आहे, असं तो सांगतो.

अमेरिकन सैनिकांच्या बाबतीत तर आशा ठेवली होती तसं घडलंच नाही. इराक आणि अफगाणिस्तानातून परतलेल्या सैनिकांना युद्धाच्या आठवणी छळत. त्यांच्यासाठी आभासी रणभूमी तयार केली गेली. वाळवंटी रस्ते, स्फोट, हेलिकॉप्टरचा आवाज. २०१६ साली १६२ सैनिकांच्या चाचणीचा निकाल आला. दोन्ही उपचार घेणारे, नुसतं थांबलेल्यांपेक्षा बरे झाले. पण चष्मा घातलेल्यांपेक्षा, डोळे मिटून आपली आठवण स्वतःच्या शब्दांत पुन्हा पुन्हा सांगणाऱ्यांना तीन आणि सहा महिन्यांनी अधिक आराम होता. याचं कारण त्या चाचणीनं सिद्ध केलेलं नाही. मला आपलं वाटतं ते असं, की कारागिरानं बनवलेला रस्ता कितीही हुबेहूब असला तरी तो त्या सैनिकाचा रस्ता नसतो. आपल्या जखमेचं चित्र ज्याचं त्यालाच काढावं लागतं.

मग अशा बातम्या वाचताना आपण काय तपासावं? पहिली गोष्ट तुलनेची. ‘उपचार घेतलेले बरे झाले’ असं छापलं की कोणाच्या तुलनेत, हे विचारायचं. पुष्कळ चाचण्यांत दुसरा गट नुसता यादीत नाव लावून थांबलेला असतो. काहीच न करणाऱ्याशी शर्यत लावली तर जिंकणं अवघड नसतं. दुसरी गोष्ट आजाराची. ठरावीक भीतीवरचा पुरावा भक्कम आहे, नैराश्यावरचा त्या मानानं फार थोडा आहे. एकाचं प्रमाणपत्र दुसऱ्याला लावू नये.

तिसरी गोष्ट विसाव्याची. सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी बर्फाचं एक आभासी जग तयार केलं. जखमा धुताना रुग्ण चष्म्यात बर्फाचे गोळे फेकत असतो आणि त्याला वेदना कमी जाणवतात. हे फार मोलाचं काम आहे. पण तिथे मन दुसरीकडे वळवायचं असतं आणि भीतीच्या उपचारात मन नेमकं भीतीकडेच न्यायचं असतं. समुद्रकिनारा दाखवणारा चष्मा विकून ‘चिंतारोग बरा करतो’ असं कोणी म्हणालं, तर हा फरक लक्षात ठेवा.

याखेरीज काहींना चष्म्यानं मळमळतं, चक्कर येते. फिट येणाऱ्यांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय तो लावू नये. शिवाय हे यंत्र आपली मान, हात, उभं राहण्याची ढब टिपत असतं. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ५११ लोकांच्या अशा नोंदी तपासल्या, तेव्हा पाच मिनिटांहून कमी हालचालींवरून ९५ टक्के वेळा माणूस ओळखता आला. भीतीचा उपचार घेणाऱ्याची नोंद कोणाच्या हाती जाते, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक रुग्णाला असला पाहिजे.

आता आपल्या देशाकडे वळू. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत मानसिक आरोग्याची पाहणी केली. वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलाच नव्हता. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणे आपल्याकडे लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ ०.७५, म्हणजे पुरता एकही नाही. अशा ठिकाणी पुठ्ठ्याचा चष्मा आणि मोबाइल उपयोगी पडू शकतो, हे मी मनापासून मानतो.

परंतु इंग्लंडचं दृश्य इथे जसंच्या तसं चालणार नाही. पबमध्ये शिरण्याचा सराव करून बीड किंवा परभणीच्या बाईला काय मिळणार? तिला एसटी स्टँडवरची गर्दी हवी, रेशन दुकानाची रांग हवी, तहसील कचेरीतला खिडकीमागचा कारकून हवा, आणि धीर देणारा आवाज तिच्या बोलीत हवा. आवाजांचंही तसंच. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतलं सॅन मटिओ, घानातलं आक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या प्रत्येकी २० रुग्णांना, ऐकू येणारे आवाज काय म्हणतात, असं विचारलं. अमेरिकेत ते आवाज बहुधा परके आणि हिंसक होते. चेन्नईत अनेकांना नातेवाइकांचे आवाज ऐकू येत, आणि ते घरकामाच्या सूचना देत, रागावत. आता सासूच्या किंवा थोरल्या भावाच्या आवाजाला ‘गप्प बस’ म्हणायला आपल्या रुग्णाला कसं शिकवायचं? तिथे अदब राखून नकार देण्याची भाषा लागेल. ती कोणी यंत्राबरोबर बांधून पाठवणार नाही. आपल्या मानसतज्ज्ञांनी, आणि हो, लेखक-कवींनीही, बसून ती घडवावी लागेल. त्यानंतर आपल्याच रुग्णांवर नीट चाचण्या करून ती तपासावी लागेल.

तोवर काय? तोवर जे हाताशी आहे ते वापरा. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाली आहे. क्रमांक १४४१६. मराठीतही बोलता येतं. तुमच्या घरात कोणी लिफ्ट टाळून सहा मजले चढत असेल, कोणी मुलाखतीच्या दिवशी आजारी पडत असेल, कोणी महिनोन्‌महिने दाराबाहेर पाऊल टाकलं नसेल, तर ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणून सोडून देऊ नका. या भीतीवर उपचार आहे आणि तो शंभर वर्षं पारखून घेतलेला आहे.

आणि उद्या कोणी तुमच्यापुढे हा चष्मा घेऊन आलं, तर एकच साधा प्रश्न विचारा. हा उतरवल्यावर माझं माणूस एकटं बसमध्ये चढेल का, आणि सहा महिन्यांनी चढत राहील का? याचं उत्तर आकड्यांनिशी देणाऱ्यावर जरूर विश्वास ठेवा.